जमत नाही, जमतात!

तीर्थस्वरूप वन्संना,

आठ अंगांपैकी सध्या जेवढी चालू आहेत तेवढ्या अंगांनी नमस्कार. (उरलेल्या अंगांचा नमस्कार डॉक्टरांची परवानगी मिळाली की वेगळा पाठवीन.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? आणि उजवा? एकाचीच चौकशी केली तर दुसरा मुद्दाम ठणकतो असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात, म्हणून दोघांना विचारलं. चिरंजीव, सूनबाई, नातवंडं खुशाल असावीत. मी बरी आहे. तुमचे बंधुराज प्रकृतीने ठणठणीत आहेत, पण मनाने पार खचले आहेत. ते नगरपालिकेतून निवृत्त झाले, पण नगरपालिका काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सरकारी शिक्का दिसला की अजून खुर्चीत ताठ होऊन बसतात. अशा माणसाच्या बायकोने सरकारी खात्याशी उभा दावा मांडावा, म्हणजे घरात काय झालं असेल याची कल्पना करा. मधे काही दिवस ते माझ्याशी 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलत होते. (खरं तर एरवीपेक्षा हे थोडं जास्तच झालं, पण त्यांच्या मते तो अबोला होता.)

तुमच्या कानावर एव्हाना काहीबाही गेलंच असेल. आपल्या चुलत जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि त्यांच्याकडे तर फोनही आहे. मी सरकारी अधिकाऱ्याला हाताने मारलं असं त्या सगळ्या गोतावळ्याला सांगत सुटल्या आहेत. वन्सं, हे साफ खोटं आहे. हात माझा नव्हता. तो प्लास्टरचा होता, एका पुतळ्याचा होता, आपणहून निखळला होता, आणि मी तो त्या गृहस्थांना परत देत होते. त्यांनी मागे उडी मारली आणि ते फुलदाणीवर पडले यात माझा काय दोष? पण मधलाच एक तुकडा उचलून सांगितला की कुणीही गुन्हेगार दिसतं, म्हणून पहिल्यापासून सांगते. चहा घेऊन बसा.

तर त्याचं असं झालं, की एका गुरुवारी आपल्या महिला मंडळाच्या इमारतीत एक किडकिडीत गृहस्थ आले. खांद्याला झोळी, हातात एवढीशी हातोडी. ते वारसा जतन खात्याकडून आले होते. (त्यांचं खरं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण तेव्हा टेबल टेनिसचा सामना रंगात आला होता, त्यामुळे आम्ही त्यांना वारसासाहेबच म्हणायला लागलो आणि आता तेही त्याला ओ देतात.) डॉक्टर छाती ठोकून बघतात तशा त्यांनी सगळ्या भिंती ठोकून पाहिल्या. खिडकीच्या रंगीत काचांकडे बघून डोळे ओले केले. आणि मग आपल्या पुढच्या मोठ्या दाराला त्यांनी चक्क गाल लावला. वन्सं, माझ्या संसारात इतक्या मायेने कोणी कशाला गाल लावलेला मी पाहिला नव्हता. माझा तर जीवच विरघळला. मी त्यांना खुर्ची दिली आणि ते म्हणाले, "बाई, या इमारतीचा इतिहास मला सांगाल?"

आता मला इतिहास सांगायला सांगणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढणं. मी सुरुवातच सुईणीपासून केली. इमारत नव्हती तेव्हा मंडळ सुईणीच्या घरच्या मागच्या खोलीत भरायचं, कारण सुईणीकडे जाते म्हटलं की घरचे पुरुष पुढचा प्रश्न विचारत नसत. तिथे मुख्याध्यापिका लिहायला शिकवायची, शिंपीण माप घ्यायला शिकवायची आणि न्यायाधीशांची बायको वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची. एका सासऱ्याला मात्र संशय आला, की सून दर आठवड्याला सुईणीकडे जाते आणि घरात पाळणा काही हलत नाही, हे कसं काय. त्या सुनेने म्हणे उत्तर दिलं, की घाईने केलेली कामं नीट होत नाहीत. (तुम्ही ही गोष्ट सांगता तेव्हा त्यात सासरा नसून दीर असतो. मी सासरा केला. वजन वाढतं.)

मग इमारत बांधायची ठरली. नगरपालिकेने गावाबाहेरची खडकाळ जागा दिली, तिथे गाढवंही चरत नसत. आणि अट घातली, की मंडळाचा वापर चालू असेपर्यंत जागा मंडळाची, वापर थांबला की नगरपालिकेची. महिन्याभरात थांबेल असा त्यांचा अंदाज असावा. नकाशा काढणाऱ्याने दार मागच्या बोळात काढलं होतं, कारण बायकांना कुणाच्या नजरेस न पडता आतबाहेर करता यावं. तेव्हा सुईणीने तो कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला, आणि म्हणाली, "या हातांनी मी निम्मं गाव जगात आणलंय, पण एकालाही मागच्या दाराने आणलेलं नाही." झालं! दार पुढे आलं, हमरस्त्यावर, आणि असं रुंद झालं की कोर्टाचं दारही त्यापुढे खिडकी वाटावी. बसायला खुर्च्या नव्हत्या, तर प्रत्येकीने घरून एकेक आणली. म्हणून आजही आपल्या दालनातल्या दोन खुर्च्या एकमेकींशी जुळत नाहीत. उद्घाटनाला नवरेमंडळी आली तेव्हा दर दुसरा माणूस 'ही आमची खुर्ची आहे' म्हणत होता, आणि न्यायाधीशांना स्वतःच्याच खुर्चीत बसायला बायकोची परवानगी घ्यावी लागली.

मी तुमचीही गोष्ट सांगितली बरं का. मंडईत बायकांसाठी मुतारी नव्हती आणि नगरपालिका म्हणत होती की बायकांकडून तशी मागणी नाही, ती. तेव्हा सकाळीच आपण सगळ्याजणी विणकाम घेऊन पुरुषांच्या मुतारीपुढे रांग लावून उभ्या राहिलो. कुणाला अडवलं नाही, कुणाला बोललो नाही, नुसत्या उभ्या. एकाही पुरुषाची त्या रांगेतून पुढे जायची छाती झाली नाही. दुपारपर्यंत अख्खी मंडई कासावीस झाली आणि संध्याकाळी नगरपालिकेला जागा सापडली. रांगेत सगळ्यांत पुढे तुम्ही होतात, हातात सुया, मांडीएवढा लोकरीचा गुंडा, आणि विणायला तुम्हाला अजूनही येत नाही. तुमच्या मागे मी होते. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. सासरची पहिली ओळख मला ही अशी झाली.

वारसासाहेब सगळं ऐकत होते, लिहून घेत होते. जाताना म्हणाले, की एवढी ऐतिहासिक वास्तू दुसरी नाही, हिला मी वारसा वास्तूचा फलक मिळवून देतो. आम्ही हुरळलो. आमच्या अध्यक्षा डॉक्टरीणबाईंनी (तुमच्या नंतर त्याच आहेत, एक कान गेलाय, पण कुठला ते त्या प्रसंग बघून ठरवतात) सगळ्यांना दोनदा चहा पाजला.

फलक यायच्या आधी नियम आले. गाण्याच्या वर्गाने छताचा गिलावा हादरतो, सबब गाणं बंद. चेंडूने काचांना धोका, सबब टेबल टेनिस बंद. वाफेने लाकूड फुगतं, सबब चहा बंद. खुर्च्या मौल्यवान आहेत, सबब त्यांवर बसू नये. म्हणजे वन्सं, उभं राहायचं, गप्प राहायचं आणि घसा कोरडा ठेवायचा. यासाठी इमारत कशाला लागते? ते तर आम्ही आपापल्या घरी करतच होतो. तरी आम्ही म्हटलं, असेल बाबा शास्त्र. थोडे दिवस दम धरला. (धरायला नको होता. बसमध्ये मी इतकी वर्षं कंडक्टर होते. एकाला पायरीवर उभं राहू दिलं की मागून तिघं लटकतात, हे मला कळायला हवं होतं.)

आणि मग एके सकाळी ट्रकमधून प्लास्टरच्या बायका आल्या.

दालनात मधोमध दोरी बांधून आत त्यांना बसवलं. एक शिवतेय, एक वाचतेय, दोघी कपबशी धरून हसतायत. सगळ्यांच्या माना खाली, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि चेहरा असा, की उभ्या जन्मात यांना कुणी उलट उत्तर सुचू दिलेलं नाही. जी सुईण म्हणून बसवली होती तिचे हात बघून तर मला हसूच फुटलं. त्या हातांनी लोणी उचललं असतं तरी बोटं मोडली असती. डॉक्टरीणबाईंनी सवयीने एकीची नाडी पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिला वाचवता येणार नाही." शेजारी सुंदर अक्षरांत पाटी होती: 'येथे स्त्रिया विरंगुळ्यासाठी जमत.'

मी ती पाटी पुन्हा वाचली. मग वारसासाहेबांना हाक मारली.

"यात चूक आहे," मी म्हटलं.

ते घाबरले. "शुद्धलेखनाची?"

"काळाची. जमत नाही, जमतात."

ते म्हणाले, "बाई, संग्रहालयात भूतकाळ वापरण्याची पद्धत आहे."

"अहो, पण आम्ही इथे उभ्या आहोत की!"

"हो," ते अवघडून म्हणाले, "पण पहिल्या तारखेपासून नसाल." आणि खिशातून कागद काढून त्यांनी सांगितलं, की इमारत खात्याच्या ताब्यात जाणार, इथे महिला मंडळाच्या इतिहासाचं संग्रहालय होणार, आणि आम्हा सभासदांना आठवड्यातून एक दिवस आत यायला तिकीट लागणार नाही.

वन्सं, ते दुष्ट नाहीत हो. दुष्ट असते तर बरं झालं असतं, भांडायला हुरूप येतो. त्यांना खरोखर वाटत होतं की ते आमचा सन्मान करतायत. त्यांना आमच्या खुर्च्या आवडत होत्या, दारं आवडत होती, आम्ही पूर्वी काय केलं तेही आवडत होतं. फक्त आम्ही अजून असणं त्यांच्या नकाशात कुठे बसत नव्हतं. मला आतून असा काही राग आला, की बोलायला शब्दच सुचेनात, आणि माझ्या बाबतीत असं घडणं ही केवढी गंभीर गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन मी जेवताना हे सगळं बडबडले. तुमचे बंधुराज ताटाकडे बघत म्हणाले, सरकारशी वाकडं घेऊ नये. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "ती पाटी तशी राहिली तर मात्र कठीण आहे. 'जमत' म्हणजे वापर थांबला. आणि वापर थांबला की जागा गेली." मी घास तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. ते घाईघाईने म्हणाले, मी काही बोललो नाही. (आणि अबोला इथून सुरू झाला. आपण चुकून बायकोच्या कामाचं बोलून गेलो, हा धक्का त्यांना सोसला नाही.)

म्हणजे बघा, सगळी इमारत एका 'ता'वर उभी होती. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं (त्या दिवशी दोन्ही कान शाबूत होते), पर्समधून लिपस्टिक काढली, आणि पाटीवर 'जम' आणि 'त' यांच्या मधोमध काकपद काढून वर ठसठशीत लाल 'ता' लिहिला. आयुष्यभर औषधांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाईचं अक्षर प्रथमच सगळ्यांना वाचता आलं. संध्याकाळी खात्याच्या माणसाने तो पुसला. सकाळी तो पुन्हा उमटला, आणि या वेळी डॉक्टरीणबाई शपथेवर सांगत होत्या की मी नाही. तिसऱ्या वेळेला तर रंगही वेगळा होता. कोण लिहीत होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण निम्म्या मंडळाची नावं लिहावी लागतील.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पुढच्या दाराला रेशमी फीत. नगरपालिकेचे मोठे साहेब येणार, वार्ताहर येणार, निमंत्रितांसाठी बाहेर भाड्याच्या खुर्च्या (आतल्यांवर बसायचं नव्हतं ना). आम्ही सगळ्याजणी भल्या सकाळी मागच्या बोळातल्या मोरीच्या दाराने आत शिरलो. सुईणीने मला माफ करावं, मागच्या दाराने जायचा आयुष्यातला तो एकच प्रसंग. प्लास्टरच्या बायकांना आम्ही सन्मानाने काखेत धरून बाजूच्या व्हरांड्यात नेऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं. त्या गडबडीत प्लास्टरच्या सुईणीचा हात निखळून माझ्या हातात आला. मग आम्ही दोरीच्या आत, आपापल्या आज्या, पणज्या, सासवांनी आणलेल्या खुर्च्यांवर बसलो, स्टोव्हवर चहा ठेवला आणि आठवड्याची नेहमीची सभा सुरू केली. विषय तेच नेहमीचे: गळकं छत, न्हाणीघराची मोडकी कडी, आणि गाण्याच्या वर्गात नेहमी एकाच बाईला पुढे का उभं करतात.

फीत कापून मोठे साहेब आत आले. मागे निमंत्रित. पहिली काही मिनिटं तर कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक जाडजूड गृहस्थ डॉक्टरीणबाईंच्या अगदी तोंडाजवळ वाकून म्हणाले, "काय हुबेहूब बनवलंय हो! सुरकुत्यासुद्धा!" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दाब वाढलाय तुमचा. मिठाचं प्रमाण कमी करा." गृहस्थ जे मागे सरले ते थेट वार्ताहरांच्या अंगावर. एकच गलका. वारसासाहेब धावत आले. मी उठून तो निखळलेला हात त्यांना द्यायला पुढे केला, आणि पुढचं फुलदाणीचं तुम्हाला माहीत आहे.

मोठे साहेब म्हणाले, हे काय चाललंय. डॉक्टरीणबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सभा चालू आहे. पाहुण्यांचे प्रश्न शेवटी." मग मोठ्या साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या महिला पोलिसाला बोलावलं आणि सांगितलं, या बायकांना बाहेर काढा.

ती आली. धिप्पाड बाई, उन्हात तांबडी झालेली, पहाटेपासून रस्त्यावर बंदोबस्ताला उभी. माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता दंडाला धरते. मी मनाशी ठरवलं होतं, की उचलून नेलं तर नेलं, पण खुर्चीसकट. (माझ्या आजेसासूने आणलेली खुर्ची आहे ती, म्हणजे तुमच्या आजीची. तुम्हाला आठवत असेल, डावा पाय जरा तिरका आहे.) ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, इथे बाथरूम आहे का हो? सकाळपासून कुठे सोयच नाही."

मी तिला वाट दाखवली. कडी मोडकी म्हणून आमची आताची शिंपीण बाहेर राखणीला उभी राहिली. इकडे शंभर माणसं तोंडं उघडी टाकून कायद्याची वाट बघत होती आणि कायदा न्हाणीघरात होता. बऱ्याच वेळाने ती तोंड धुऊन, हात पुसत, माणसात आल्यासारखी बाहेर आली. मोठे साहेब म्हणाले, काय झालं? काढा ना यांना, ही इमारत आता वापरात नाही.

ती सावधान उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, इमारत वापरात आहे. मी आत्ताच वापरून आले."

वन्सं, मग जो हशा पिकला त्याने छताचा गिलावा खरोखरच पडला. (थोडाच. कोपऱ्यातला. तो पडायलाच झाला होता.) मी ती संधी साधली. कंडक्टरकी सुटली तरी घसा सुटलेला नाही. मी ओरडले, "चला, आत या, दोरी ओलांडा, पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे!" आणि जादू झाल्यासारखी माणसं सरकायला लागली. आधी निमंत्रितांच्या बायका आल्या, मग एक वार्ताहर मुलगी आली आणि खाली मांडी घालून लिहायलाच बसली, मग बाहेर रस्त्यावरून चाललेल्या चार बाया काय चाललंय ते बघायला आल्या आणि चहा घेऊन बसल्या. पुरुषांमधून सर्वांत पहिलं कोण सरकलं असेल? तुमचे बंधुराज. ते कोपऱ्यात लपून उभे होते. म्हणाले, सवयीने सरकलो. पण सरकले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, आणि मोठ्या साहेबांनी रोखून बघितलं तरी त्यांनी हात काढला नाही. मी वळून बघितलं नाही, नाहीतर त्यांनी तो काढला असता.

एवढ्या कॅमेऱ्यांसमोर मोठ्या साहेबांना काय करता येणार होतं? त्यांनी घसा खाकरला आणि जणू तेच सांगायला आले होते अशा थाटात जाहीर केलं, की नगरपालिकेला या चालत्याबोलत्या वारशाचा अभिमान आहे आणि मंडळाचा वापर चालू असल्याची नोंद आजच घेतली जाईल. डॉक्टरीणबाईंना हे मात्र लगेच ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "लेखी." आणि लेखी घेतलं. पाटी नवी झाली. 'विरंगुळ्यासाठी' हा शब्दही आम्ही काढायला लावला. त्या जागी काय लिहायचं यावर अजून चर्चा चालू आहे, त्यामुळे सध्या नुसतंच 'येथे स्त्रिया जमतात' असं आहे, आणि येणाजाणाऱ्याला ते धमकीसारखं वाटतं. मला आवडलंय.

वारसासाहेबांचं मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात त्या थोट्या पुतळ्यापाशी बसले होते. म्हणाले, "बाई, मला इमारती कळतात. माणसं आत असली की गोंधळ होतो." मी म्हटलं, मग बाहेरून सुरुवात करा. आता ते सुट्टीच्या दिवशी येऊन खिडक्यांच्या चौकटींना तेल लावतात. गाणं चालू असताना छताकडे बघत बसतात, पण बोलत नाहीत. महिला पोलीस सभासद झाली. टेबल टेनिसमध्ये तिने आम्हा सगळ्यांना धूळ चारली. कडी मात्र अजून मोडकीच आहे. विषय सभेपुढे आहे.

एक गोष्ट राहिली. वापर चालू असल्याची नोंद करायची तर प्रत्येक खोलीचा वापर दाखवावा लागतो, अशी नियमात अट निघाली. दालन, वाचनालय, स्वयंपाकघर यांचं ठीक आहे. पण मागच्या अंगणाकडची खोली? ती पहिल्या बायकांनी ज्या बाईला राहायला जागा नाही तिच्यासाठी बांधली होती, आणि तिथे बरीच वर्षं कुणी राहत नाही. मोठे साहेब वही उघडून मला म्हणाले, या खोलीत कोण राहतं? रिकामी असेल तर खात्याचं कार्यालय तिथे येईल. मी क्षणभरही न थांबता एक नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यावर आता शिक्काही आहे.

असो. पत्र लांबलं. गुडघ्यांना जपा, थंड पाण्यात हात घालू नका, चिरंजीवांना आशीर्वाद, आणि चूकभूल झाली असेल तर ती मुद्दाम केलेली समजून घ्या.

तुमची,
खोडकर म्हणून तुम्हीच जिला नाव ठेवलंत ती भावजय

ता. क. १. नाव तुमचं सांगितलं. दुसरं सुचलं नाही. तेव्हा आता तुम्ही न आल्यात तर सरकारदरबारी मी खोटी ठरेन, खोलीत खात्याचं कार्यालय येईल आणि इतक्या बायकांच्या श्रमांवर पाणी पडेल. निर्णय अर्थात तुमचा.

ता. क. २. खोलीला पायऱ्या नाहीत. मी चुना काढून घेतला. खिडकी अंगणाकडे उघडते आणि गाण्याचा वर्ग भिंतीपलीकडेच असतो, त्यामुळे त्यांचं कुठे चुकतं ते तुम्हाला पलंगावरून ओरडून सांगता येईल. तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही, पण काल ते त्या खोलीचं दार रंधून आले, तेव्हा बहुतेक कळलं असावं.

ता. क. ३. मागे तुम्ही फोन केलात. 'सगळं छान आहे, मला कुणी कशाला हातच लावू देत नाही' असं म्हणालात, आणि तेही इतक्या हळू, जणू पलीकडच्या खोलीत कुणी झोपलंय. दिवसाउजेडी. वन्सं, एवढ्या वर्षांत तुम्ही मला घालूनपाडून बोललात, रागावलात, एकदा तर लोकरीचा गुंडा फेकून मारलात, पण हळू कधीच बोलला नव्हतात.

ता. क. ४. अट वगैरे काही नाही. त्या खोलीत कोण राहतं, असं मोठ्या साहेबांनी विचारलंच नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. कुणाच्या तरी अडचणीला धावून जायचं असल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणून अडचण तयार केली. सरळ 'या' म्हटलं असतं तर तुम्ही गुडघा पुढे केला असतात. गादी उन्हात घातली आहे. बंधुराज आणि मी मंगळवारी तुम्हाला न्यायला येतोय. तुमचं उत्तर 'नाही' असेल तर ते पत्राने पाठवा, म्हणजे आम्ही निघाल्यानंतर पोचेल.